बेबी सीट घेण्याआधी सायकलची नळी मोजा

प्रश्न : आमचं घर वायरीत. मुलगी सव्वादोन वर्षांची, वजन साडेअकरा किलो. जूनपासून तिला मालवणात बालवाडीत सोडायचंय, म्हणजे रोज दोन-अडीच किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. माझी २६ इंची लेडीज सायकल आहे, पुढे टोपली, मागे कॅरिअर. कॅरिअरवर बसवायची लोखंडी खुर्ची बाजारात सातशे रुपयांना मिळते. नणंदेकडे ठाण्याला तिच्या मुलाची परदेशातून आणलेली प्लॅस्टिकची बेबी सीट बरीच वर्षं माळ्यावर पडून आहे, ती द्यायला ती तयार आहे. सासूबाई म्हणतात, ‘कसली सीट, आमची पोरां दांड्यार बसानच मोठी झाली.’ सासऱ्यांची चोवीस इंची जेन्ट्स सायकल अजून चालू आहे. स्कूटरसाठी घेतलेला मुलांचा पट्टा घरात आहे, तोच सायकलवर वापरला तर? आणि धाकटा आठ महिन्यांचा आहे, त्याला कधीपासून बसवता येईल?

उत्तर : ताई, नणंदेची सीट मागवून घ्या, सातशे रुपये वाचवा आणि सासऱ्यांची सायकल सासऱ्यांकडेच राहू द्या. मात्र ठाण्याहून कोणी येतंय म्हणून आजच निरोप धाडू नका. ती सीट तुमच्या सायकलला लागते की नाही, हे घरबसल्या पंधरा मिनिटांत कळतं. बेबी सीट घेताना लोक मुलाचं वय सांगतात, रंग निवडतात, आतला फोम दाबून बघतात, सायकल मात्र कोणी मोजत नाही. आणि नंतरची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात. (तुम्ही स्वतः ज्यावर बसता तिला खाली ‘गादी’ म्हणतो, नाहीतर सीट-सीटचा गोंधळ होईल.)

मागे लावायच्या सीट दोन जातीच्या. एक कॅरिअरवर चिमट्यांनी घट्ट बसते. दुसरी कॅरिअरला हातही लावत नाही. गादीखालून पेडलकडे जाणारी जी उभी नळी असते, तिच्यावर एक ठोकळा आवळतात, त्या ठोकळ्यात पोलादी सळईचा लांब कमानदार चिमटा अडकतो आणि सीट त्या चिमट्यावर मागच्या चाकाच्या वर तरंगती राहते. सळई थोडी लवते, त्यामुळे खड्ड्याचा दणका मुलाच्या पाठीपर्यंत पोचता पोचता बराच मरतो. परदेशातून आलेल्या सीट बहुधा या दुसऱ्या जातीच्या असतात. नणंदेला फोटो पाठवायला सांगा : सीटखाली दोन सळया पुढे आलेल्या दिसल्या तर हीच.

आता मोजमाप. उभ्या नळीभोवती शिवणाचा दोरा एकदा गुंडाळा, जिथे टोक जुळतं तिथे पेनानं खूण करा आणि दोरा पट्टीवर ताणून धरा. या ठोकळ्यांना साधारण २८ ते ४० मिलिमीटर जाडीची गोल नळी लागते, म्हणजे दोरा ८८ ते १२५ मिलिमीटरच्या मध्ये भरायला हवा. साध्या पोलादी सायकलची ही नळी बहुधा २८.६ मिलिमीटरची असते, दोरा ९० च्या आसपास येईल. म्हणजे पास, पण काठावर. अशा बारीक नळीसाठी ठोकळ्यासोबत रबराचा किंवा प्लॅस्टिकचा अस्तराचा तुकडा येतो, तो नणंदेकडे शिल्लक आहे का हे विचारायला विसरू नका. तो हरवला असेल तर सायकलवाला हमखास जुन्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळून देईल. तसं करू देऊ नका. ट्यूबचं रबर मऊ असतं, आवळलं की दबतं, चार दिवसांनी आणखी दबतं, आणि घट्ट वाटलेला ठोकळा खड्ड्यागणिक केसभर फिरत जातो.

लेडीज सायकलला आणखी एक अडचण असते. पुढून येणाऱ्या दोन तिरक्या नळ्यांपैकी वरची उभ्या नळीला मध्येच कुठेतरी येऊन मिळते. त्या सांध्याच्या वर, गादीच्या नटाच्या खाली, ठोकळ्याला निदान दहा सेंटीमीटर सरळ मोकळी नळी हवी. तिथे गियरची किंवा ब्रेकची केबल जात असेल तर ठोकळा तिच्यावर आवळला जाता कामा नये. केबल चेपली की ब्रेक अर्धवट लागतो, आणि तो नेमका उतारावर कळतो. नळी अंडाकृती असेल, किंवा सायकलला मागे सस्पेन्शन असेल, तर या जातीच्या सीटचा विचारच सोडा.

मोजमाप जमलं तर सीट मागवा. हातात आल्यावर आधी ती उलटी करा. प्लॅस्टिकच्या सामानावर तळाला बहुतेकदा एक छोटं घड्याळ कोरलेलं असतं : गोलात १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि बाणाच्या दोन बाजूंना सालाचे शेवटचे दोन अंक. बाण ५ कडे आणि अंक १७, म्हणजे २०१७ च्या मे महिन्यात ओतलेली. आसपास ‘ईएन १४३४४’ असा छाप शोधा. युरोपचं सायकलच्या बेबी सीटसाठीचं मानक आहे ते. त्यात मागच्या मोठ्या सीटसाठी मुलाचं वजन ९ ते २२ किलो धरलंय, पुढे लावायच्या सीटसाठी ९ ते १५. तुमची लेक साडेअकराची, वर्षाला साधारण दोन किलोनं वाढेल. मागची सीट तिला शाळेत पहिलीत जाईपर्यंत वजनानं तरी पुरेल.

माळ्यावरच्या सीटची खरी परीक्षा उन्हात करा. सळई जिथे प्लॅस्टिकमध्ये घुसते आणि पट्टे ज्या खाचांतून जातात, त्या जागा अंगठ्यानं दाबून वाकवून बघा. प्लॅस्टिक वाकताना पांढरं पडलं आणि सोडल्यावर पांढरंच राहिलं, किंवा केसासारखी रेघ दिसली, तर सीट बाद, पोटमाळ्याचं छप्पर पत्र्याचं असेल तर विशेषच बघा, कारण तापून तापून प्लॅस्टिक कडक होतं. पट्ट्याचे धागे सुटलेत का, बक्कल ‘टक्’ आवाज करून बसतं का आणि दोन बोटांच्या जोरानंच सुटतं का, ते पाहा. मुलाला स्वतःहून उघडता येईल असं बक्कल काही कामाचं नाही. शेवटी नणंदेला थेट विचारा : ही सीट कधी सायकलीसकट जोरात आपटली होती का? आपटलेली सीट वरून धडधाकट दिसली तरी वापरायची नाही. नात्यात हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, तरी विचारा. ठोकळा, सळईचा चिमटा आणि सीट हे तिन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच जोडीचे हवेत. ‘साधारण तसाच’ दुसरा ठोकळा चालत नाही.

बाजारातल्या लोखंडी खुर्चीला आम्ही नाही म्हणतो ते ती लोखंडी आहे म्हणून नव्हे. तिला पाय ठेवायला फक्त एक आडवी सळई असते, पाय धरून ठेवणारं काही नसतं. मुलाचा पाय सळईवरून सुटला की तो थेट फिरत्या तारांकडे जातो, आणि तारा व मागचा चिमटा (म्हणजे मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या सायकलच्या नळ्या) यांच्यामध्ये टाच अडकते. सायकलवरच्या लहान मुलांच्या दुखापतींत ही सगळ्यात ओळखीची : टाचेमागची कातडी सोलून निघते, कधी घोट्याजवळचं हाडही मोडतं. दुसरं, पट्टा असलाच तर नुसता कमरेचा. पेंगुळलेलं मूल त्यातून बाजूला ओघळतं. तिसरं, ती बसणार कॅरिअरवर, आणि तुमचा कॅरिअर टोपलीवाल्या लेडीज सायकलच्या साच्यातला असेल तर पेन्सिलीच्या जाडीच्या तारेचा आहे, वह्या-डब्याच्या वजनाचा. मूल आणि खुर्ची मिळून आजच सोळा किलो होतील. कॅरिअर गादीच्या बाजूला धरून आडवा हलवून पाहा. बोटभर हलला तर मुलाचं तर सोडाच, तांदळाची गोणीही त्यावर नीट राहणार नाही. मुलाच्या सीटसाठी बनवलेल्या कॅरिअरवर २५ किंवा २७ किलो असा आकडा ठोकलेला असतो. आकडाच नसेल तर तो कॅरिअर त्या कामाचा नाही असं धरा.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, दांड्यावर बसून पिढ्या मोठ्या झाल्या. तेव्हा वायरी-तारकर्ली रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग नव्हती, हेही त्यांना ठाऊक आहे. दांड्यावरच्या मुलाचे पाय पुढच्या चाकाशी लोंबतात, हात हँडलवर असतात, आणि वळताना हँडल आणि मूल दोघं एकमेकांना ढकलतात. शिवाय तुमच्या सायकलला दांडाच नाही. सासऱ्यांच्या सायकलला आहे, पण तिथे वेगळंच संकट : मागे बेबी सीट लावली की दांड्याच्या सायकलवर पाय मागून फिरवून चढता येत नाही. फिरवलाच तर टाच मुलाच्या तोंडावर बसते. तुमची लेडीज सायकल या कामाला उलट उत्तम, पाय पुढून घालता येतो आणि थांबताना दोन्ही पाय झटकन जमिनीला टेकतात. गादी मात्र एक-दीड इंच खाली करा. रोज चवड्यावर टेकत असाल तर मूल बसल्यावर पूर्ण तळवे टेकायला हवेत.

स्कूटरच्या पट्ट्याची गोष्ट. २०२२ साली केंद्रानं मोटारसायकल-स्कूटरसाठी नियम केला : नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. तो पट्टा त्या वाहनासाठी. सायकलवर तो मुलाला तुमच्या पाठीशी बांधतो, पाय मात्र मोकळेच राहतात, तारांच्या शेजारी. आणि सायकलचं पडणं बहुधा जागच्या जागी, आडवं असतं. तुम्ही ज्या बाजूला कलाल त्याच बाजूला बांधलेलं मूल येणार, आणि तुमचं वजन तिच्यावर. बेबी सीटला मुलीच्या खांद्यावरून आणि पायांमधून येणारा तिचा स्वतःचा पट्टा असतो, सीटच्या उंच कडा जमिनीला आधी टेकतात. पाच टोकांचा पट्टा असेल तर उत्तम, तीन टोकांचा चालेल. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये तुमचं एक बोट सपाट जावं, मूठ जाऊ नये. खांद्याचे पट्टे तिच्या खांद्याच्या उंचीच्या किंवा किंचित वरच्या खाचेतून ओवा. खालच्या खाचेतून ओवले तर ते खांदे खाली ओढतात, आणि ती वळवळून त्यातून हात काढून घेते.

सीट बसवताना एक खूण आठवणीनं बघा. सीटच्या कडेला गुरुत्वमध्याची खूण असते, बहुधा छोटं वर्तुळ. ती मागच्या चाकाच्या आसाच्या बरोबर वर किंवा पुढे यायला हवी. मागे गेलीच तर दहा सेंटीमीटरच्या आत. सळई ठोकळ्यात पुढे-मागे सरकते, त्यावरून हे जमवता येतं. खूण जास्त मागे राहिली की कुंभारमाठाकडच्या चढणीवर सायकलचं पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डगडगायला लागतं. सीट मागे कलती करायची सोय असेल तर तिच्यामुळेही भार मागे जातो. ती झोपलेल्या मुलासाठी वापरायची, कायमची नाही. ठोकळ्याचे बोल्ट सहाकोनी एल-कीनं आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आणि मग दुसरा असं केलं की ठोकळा तिरका बसतो. सळई अडकवल्यावर ठोकळ्यावर हिरवी-लाल खूण किंवा खिट्टी असते, ती ‘बंद’ दाखवते का पाहा, आणि मग सीटच्या पाठीला धरून सगळी सायकल वर उचलून बघा. बेबी सीटला आणखी एक सुरक्षेचा पट्टा असतो, तो गादीखालच्या नळीभोवती घालायचा. बरेच लोक तो लोंबकळताच ठेवतात. पहिल्या दोन दिवसांनंतर सगळं पुन्हा एकदा आवळा, नंतर महिन्यातून एकदा.

आता तुमच्या गादीखाली हात घाला. दोन जाड स्प्रिंगा लागल्या ना? तुमच्या वजनानं त्या दर खड्ड्याला दबतात आणि सुटतात, आणि मागे बसलेल्या मुलीची बोटं अगदी त्याच उंचीवर असतात. तिला काय हवं असतं, समोर काहीतरी धरायला! स्प्रिंगेच्या वेटोळ्यात अडकलेलं बोट ओढून निघत नाही, आणि तुम्हाला मागे काय झालं ते दिसत नाही. बिनस्प्रिंगेची गादी बसवून घ्या, नाहीतर स्प्रिंगांभोवती जाड रेक्झिनचं आवरण टाचून शिवून घ्या. कापड गुंडाळू नका, ते चार दिवसांत घसरतं.

तारा झाकायला सीटच्या पायांना दोन्ही बाजूंना पंख असतात आणि पाय धरायला रबरी पट्टे. पट्टे रोज लावा, तीनशे मीटर जायचं असलं तरी. मडगार्डला साडीसाठी जाळी असेल तर ती दोन्ही बाजूंना आहे का पाहा, अनेकदा एकाच बाजूला सापडते. दुसऱ्या बाजूला कुंपणाला वापरतात ती ताठ प्लॅस्टिकची जाळी कापून केबल टायनं मडगार्ड आणि चाकाच्या चिमट्याला घट्ट बांधा. तुमच्याकडे मासेमारीच्या जाळ्याचे तुकडे फुकट मिळतील, आणि कल्पना मोहात पाडणारी आहे. नका बांधू. सुती-नायलॉनचं जाळं ढिलं पडतं, आणि तारांनी एकदा गिळलं की मागचं चाक जागच्या जागी जाम. मुलीच्या पायात पैंजण असतील तर सायकलवर बसण्यापुरते काढा, पट्ट्यात अडकतात. चप्पल नको, बंद बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल घाला. तुमची ओढणी मागे सोडू नका, पाठीवर सॅक नको (ती मुलीच्या नाकासमोर येते), आणि बाजारातून येताना मासळीची पिशवी हँडलला अडकवू नका. ती झुलत झुलत पुढच्या चाकात जाते. पिशवी टोपलीत ठेवा, पण दोन-तीन किलोंवर नाही. टोपली हँडलला लागलेली, आणि मागे भार असताना जड हँडल सावरणं अवघड.

हेल्मेट स्कूटरचं छोटं आणू नका, त्याचं वजन तिच्या मानेला जड होतं. सायकलचं हलकं, लहान मुलांच्या मापाचं हवं. भुवयांच्या दोन बोटं वर कपड्याच्या टेपनं डोक्याचा घेर मोजा आणि मगच मागवा. आतल्या लेबलवर ‘ईएन १०७८’ (युरोपचं हेल्मेटचं मानक) किंवा ‘सीपीएससी’ (अमेरिकेचं) असा उल्लेख बघा. मागचा भाग सपाट असलेलं निवडा. मागे टोकदार फुगीर असलेलं हेल्मेट बेबी सीटच्या उंच पाठीला टेकतं आणि मान पुढे ढकलतं, मूल सगळा रस्ता छातीला हनुवटी लावून बसतं. म्हणून दुकानातल्या आरशासमोर घालून बघण्यापेक्षा सीटमध्ये बसवून घालून बघा.

जूनपासून म्हणालात, आणि इथेच आमची खरी काळजी आहे. फ्रिजवरचं एखादं चुंबक काढा आणि सायकलच्या रिमला लावून बघा. चिकटलं तर रिम पोलादी आहे, वर चमकदार मुलामा दिलेली. कोरड्या दिवसांत ती ठीक थांबते. पावसात त्या गुळगुळीत रिमवर पाण्याचा थर बसतो, ब्रेकचं रबर आधी ते पाणी पुसत बसतं आणि चाक एक-दोन फेरे मारल्यावर कुठे पकड येते. तेवढ्यात तुम्ही एसटीच्या मागच्या बंपरपर्यंत पोचलेल्या असता. मागे सोळा किलो वाढल्यावर हे अंतर आणखी लांबतं. अ‍ॅल्युमिनियमची रिम ओल्यातही यापेक्षा खूप बरी थांबते. पोलादी रिम असेल तर दोन्ही चाकं अ‍ॅल्युमिनियमची करून घ्या आणि ब्रेकचे रबर नवीन टाका. सीटवर वाचवलेले पैसे इथे घाला, यापेक्षा चांगली जागा नाही. तेही जमत नसेल तर पाऊस पडत असताना मुलीला सायकलवर नेऊ नका, तिचे ते दिवस रिक्षाचे किंवा एसटीचे. पुढचा ब्रेक सैल ठेवायची आपल्याकडे सवय आहे, पडू या भीतीनं. उलट सायकल मुख्यतः पुढच्याच ब्रेकनं थांबते. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू दाबायची सवय करा.

आणखी एक, सरावासाठी मुलगी नको. दहा किलोची तांदळाची पिशवी घ्या, वर सोलून ठेवलेले दोन-तीन नारळ, सीटमध्ये ठेवा, पट्टे लावा आणि आठवडाभर सकाळी सकाळी वायरीच्या सपाट रस्त्यावर फिरवा. तांदूळ घसरत नाही, रडत नाही आणि वजन अगदी खरं देतो. त्यात हे करून पाहा : निघणं, थांबणं, एका हातानं घंटी वाजवणं, गतिरोधकावरून चालण्याच्या वेगानं जाणं, आणि रस्त्याची कडा सुटून वाळूच्या साइडपट्टीवर उतरणं. शेवटचं मुद्दाम करायचं. मोठी गाडी आली की आपण आपोआप कडेला होतो, आणि आपल्याकडे डांबराच्या कडेला चार बोटं खोल वाळू असते. मागे भार असताना ती पुढचं चाक गिळते. गाडी येत असेल तर आधी थांबा, पाय टेका, ती जाऊ द्या. घराकडची वाट जांभ्याच्या पाखाडीची असेल तर पावसात तिथे शेवाळ धरतं. तिथून उतरून, सायकल हातात धरून चाला, मूल सीटमध्ये ठेवून नव्हे, कडेवर घेऊन.

मूल चढवणं-उतरवणं हा वेगळाच धडा आहे. चालत्याच नव्हे, उभ्या सायकलवरूनही मुलं आडवी होतात, कारण तेव्हा आपण ‘एक मिनिट’ म्हणून दार लावायला वळतो. तुमच्या सायकलचा स्टँड बाजूचा असेल तर वाळूत किंवा ओल्या तांबड्या मातीत तो रुततो. अंगणात जिथे रोज लावाल तिथे चिऱ्याचा सपाट तुकडा बसवून ठेवा. त्याहून बरं, दोन पायांचा मधला स्टँड लावून घ्या. क्रम असा : पिशवी आधी टोपलीत, हेल्मेट घरातच घातलेलं, मग मुलगी, आधी पायांचे पट्टे, मग छातीचे. हे सगळं होईस्तोवर तुमची कंबर गादीला टेकलेली आणि एक हात हँडलवर. उतरवताना मुलगी पहिली, बाकी सगळं नंतर. उन्हात लावून ठेवलेल्या सीटचं बक्कल आणि काळं प्लॅस्टिक दुपारी चटका देतं, बसवण्याआधी तळहात फिरवून बघा. मागच्या टायरची हवाही तपासा. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्याच्या वरच्या हद्दीजवळ ती ठेवा. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर टायर दबून ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

खारी हवा सगळ्यात आधी सीटचे बोल्ट खाते. ते शक्य तर स्टेनलेसचे घ्या, पण त्याच मापाचे आणि त्याच लांबीचे. आटे आवळण्याआधी किंचित ग्रीस लावा. ठोकळ्याच्या आतल्या, नळीला धरणाऱ्या बाजूला मात्र थेंबही नको. किनाऱ्यावर सायकल नेलीत तर घरी आल्यावर गोड्या पाण्याचा तांब्या ओतून पुसून घ्या. बक्कलात बारीक वाळू गेली की ते अर्धवट बसतं आणि लागल्यासारखं वाटतं. पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, तेल घालू नका, तेलाला वाळू आणखी चिकटते. सीट वापरात नसेल तेव्हा खिट्टी दाबून काढून घरात ठेवा. उन्हापावसात पडून राहिली की चांगली सीटही दोन वर्षांत जुनी होते.

धाकट्याला एक वर्षाच्या आत नको. आणि वर्षाचा झाला म्हणूनही नको, तर आधाराशिवाय नीट बसता येऊ लागला, हेल्मेट घालून मान सहज सावरता येऊ लागली आणि वजन नऊ किलोंच्या वर गेलं की मग. बालरोगतज्ज्ञाकडे लसीला जाल तेव्हा हेल्मेट बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर घालून दाखवा. दोघांना एकाच सायकलवर, एकाला मागे आणि एकाला झोळीत पोटाशी बांधून, असं करायचा मोह पुढच्या वर्षी होईल. तसं करू नका. तो सीटवर बसायला लागेल तेव्हा त्याच्या मापासाठी खांद्याचे पट्टे खालच्या खाचेत ओवावे लागतील. म्हणजे ज्या दिवशी कोणाला न्यायचं, त्या दिवशी सकाळी पट्टे बदलायचे. नाहीतर मोठ्या बहिणीच्या मापाचे पट्टे धाकट्याच्या कानाशी येतात आणि तो खालून सरकून निघतो.